जसुबेनच्या हिंचक्यावर

सांगलीच्या आमच्या हौशी नाट्यमंडळात मी भालदार आहे. आहे म्हणजे कायमचाच. नाटक बदलतं, राजा बदलतो, राजाचा अंगरखाही एकदा उंदरांनी कुरतडल्यामुळे बदलला. पण दंड आपटून महाराज येत असल्याची वर्दी देणारा मात्र मीच. माझी दोन वाक्यं असतात. ती झाली की उरलेला प्रवेश भिंतीला लागून उभं राहायचं. पण ती दोन वाक्यं मी अशी टाकतो की शेवटच्या रांगेत डुलक्या घेणारा माणूस सावरून बसतो, आणि उन्हाळ्यात दारं उघडी असली तर बाहेरचे रिक्षावालेसुद्धा.

त्यामुळे संक्रांतीच्या आधी बडोद्याहून भाच्याचा फोन आला, तेव्हा मला नवल वाटलं नाही. उशीर झाला एवढंच वाटलं.

"मामा, आमच्या अल्बममध्ये तुझी ललकारी पाहिजे," मंदार म्हणाला.

"कुणाच्या लग्नाचा अल्बम?"

"गाण्यांचा रे. रॅपचा. प्रत्येक गाण्यात एकेक पाहुणा घेतलाय. एक गाणं राहिलंय, त्यात तू."

रॅप म्हणजे काय, हिपहॉप म्हणजे काय, हे मी तिकीट काढल्यावर विचारलं. आधी विचारलं असतं तर कदाचित गेलो नसतो, आणि मग हिंचक्याची, म्हणजे बडोद्याच्या एका झोपाळ्याची, ही गोष्ट तुम्हाला कुणी सांगितली असती?

सयाजीगंज

मिरजेहून निघालेल्या गाडीबद्दल सांगण्यासारखं काही नाही. एक म्हातारा रात्रभर माझ्या उशीवर झोपला आणि सकाळी उशी कठीण आहे म्हणून तक्रार करून उतरला, इतकंच.

बडोद्याच्या स्टेशनाबाहेर पडलं की सयाजीगंज. रिक्षा, बस, होस्टेलात राहणारी मुलं, आणि सकाळी सकाळी तळणाचा वास. मंदार घ्यायला आला होता. त्याच्याबरोबर त्याच्या ग्रुपमधले दोघे होते. इम्तियाज हिंदीत गाणी लिहितो आणि म्हणतो. त्याच्या घरी पतंग बनतात, म्हणून उत्तरायणच्या, म्हणजे गुजरातेतल्या संक्रांतीच्या, आधीच्या त्या दिवसांत त्याची बोटं मांजाच्या रंगानं गुलाबी झाली होती. हेतल विद्यापीठात शिकते, तिथंच होस्टेलात राहते, आणि कॉम्प्युटरवर गाण्यांचा ठेका बांधते. ती स्वतः गात नाही, फारसं बोलतही नाही, पण दोघं पोरं तिच्या भुवईकडे बघून वागतात.

"ग्रुपचं नाव काय?" मी विचारलं.

"बपोर," तिघं म्हणाले. गुजरातीत दुपारला बपोर म्हणतात.

"दुपार? अरे, वाघ, वादळ, वणवा असं काही ठेवायचं!"

"मामा, घरी चला, मग कळेल," हेतल म्हणाली.

त्याआधी त्यांनी मला सेव-उसळ खायला नेलं. मी सांगली-कोल्हापूरच्या मिसळीवर वाढलेला माणूस. गुजरातेत सगळ्यात साखर घालतात असं ऐकून होतो, म्हणून वाढणाऱ्याला ऐटीत म्हणालो, "तरी आण. अजून आण. असली लाल पाण्याची भीती आम्हाला नसते." त्यानं माझ्याकडे दयेनं पाहिलं आणि रश्श्याचा अख्खा जग रिकामा केला. दुसऱ्या घासाला माझे कान गरम झाले. तिसऱ्याला डोळ्यांतून पाणी आलं. इम्तियाजनं अतिशय अदबीनं विचारलं, "मामा, घर की याद आ रही है?"

तिथंच मला खरी अडचण समजली. मंदारला नोकरी लागली होती. वाघोडियाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात, दुपारची पाळी. उत्तरायण आणि दुसऱ्या दिवशीची वासी उत्तरायण झाली की रुजू व्हायचं.

"मग सकाळी गा की," मी म्हणालो.

"सकाळी जमत नाही, मामा. फक्त दुपारीच जमतं. आणि माझ्या दुपारी संपल्या." तो पाव मोडत होता, पण खात नव्हता. "उत्तरायणच्या आत शेवटचं गाणं झालं तर अल्बम झाला. नाहीतर राहिला तो राहिलाच."

घडियाळी पोळ

माझी ताई लग्न होऊन बडोद्यात आली ती घडियाळी पोळात. पोळ म्हणजे अरुंद गल्ली. दोन्ही बाजूंना छोटी दुकानं आणि त्यांच्यावर एकमेकांना खांदा लावून उभी असलेली उंच, बारीक घरं. दोन घरांमध्ये भिंत एकच. ह्या घरात फोडणी पडली की त्या घरात शिंक येते.

ताईनं दारातच मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "दत्तू, केवढा सुटलायस! चाल ने, आधी जेवून घे."

ताईचं मराठी अजून शुद्ध आहे, फक्त मध्येमध्ये हा 'ने' बसलेला असतो, लुगड्याला चिकटलेल्या कुसळासारखा. तिच्या आमटीत मात्र गूळ आता पाहुणा राहिलेला नाही, घरमालक झालाय. मी तसं म्हटल्यावर दाजी, म्हणजे ताईचे यजमान, गंभीरपणे म्हणाले, "आमचे आजोबा संस्थानच्या नोकरीत होते. त्यांनाही असंच वाटलं होतं. मग ते इथंच राहिले." दाजी निवृत्त शिक्षक. पोराच्या रॅपबद्दल त्यांचं मत एका वाक्याचं: "रामरक्षा घाईत म्हटली की असंच ऐकू येतं."

जेवणं झाली, आणि मग मी आयुष्यात न पाहिलेली गोष्ट घडली. सबंध पोळ झोपलं.

आमच्याकडेही लोक दुपारी आडवे होतात, नाही असं नाही. पण बडोद्यात हा संस्कार आहे. दुकानांची फळकुटं अर्धी ओढली गेली. भाजीवाला हातगाडीखाली चादर टाकून निजला. कुत्र्यानं जांभई दिली आणि तेही नियमात बसलं. एवढा सन्नाटा, की शेजारच्या घरातून फक्त एक आवाज येत होता: किर्र... कट. किर्र... कट.

"हे काय?"

"जसुबेनचा हिंचका," ताई पुटपुटली. "त्या झोपतायत. हळू बोल ने."

आता कळलं ग्रुपचं नाव. मंदारच्या खोलीत, तिसऱ्या मजल्यावर, कॉम्प्युटर होता. लाकडी कपाटात ताईच्या गोधड्या लावून त्यात माइक टांगलेला. सकाळ-संध्याकाळ पोळात स्कूटर, फेरीवाले, टीव्ही आणि देवळातली घंटा. रात्री हेतलला होस्टेलवर परतावं लागतं. शांतता एकाच वेळी मिळते, सगळे झोपल्यावर. पण सगळे झोपलेले असताना ओरडता येत नाही! म्हणून ही पोरं रॅप करतात ती कुजबुजत. जगभर म्हणे हे गाणारे छाती बडवून, हातवारे करून शत्रूला आव्हान देतात. आमचे हे वीर कपाटात तोंड खुपसून, गोधडीला आव्हान देत होते.

त्यांनी मला झालेली गाणी ऐकवली. खरं सांगू? मला आवडली. कुणी कानाशी येऊन खास आपल्यालाच गुपित सांगावं, तशी. एका गाण्यात गरब्याचा म्हातारा ढोली होता, त्यानंसुद्धा ढोल नुसत्या बोटांनी वाजवला होता. एका गाण्यात सेव-उसळवाल्याची हाक होती, तीही कुजबुजती. कुणी चोरून उसळ विकावी अशी. आणि प्रत्येक गाणं शेवटाकडे जरा जरा मंदावत जाई. मला वाटलं, ही हेतलची कलाकारी.

"जसुबेनची एकच अट आहे," मंदार म्हणाला. "ओट्यावर बसून त्यांनी सांगितलं होतं, गा खुशाल, पण माझी झोप मोडता कामा नये. ओट्यावर दिलेला शब्द आहे, मामा. पोळात तो मोडत नाहीत."

"म्हणून माइकजवळ या आणि अगदी हळू म्हणा," हेतल म्हणाली. "मोठं मी नंतर करते."

मी वचन दिलं. तालीमसुद्धा केली. सावधान, बपोर येत आहे, अशा अर्थाची झकास ललकारी मी स्वतः रचली होती, आणि ती मी मांजरानं दूध प्यावं इतक्या हळू म्हणून दाखवली. हेतलची भुवई समाधानानं खाली आली. इम्तियाजनं बोट वर केलं. माइक सुरू झाला.

आता वाचकहो, तुम्हीच न्याय करा. पंचवीस वर्षांची सवय. भालदार बोलण्याआधी दंड आपटतो. त्याशिवाय शब्द बाहेरच पडत नाहीत. माझा उजवा पाय आपोआप वर गेला आणि लाकडी जमिनीवर आपटला. आणि पाय आपटला की छाती भरते. आणि छाती भरली की...

सगळी कबुतरं उडाली. पोळातली तर उडालीच, पलीकडच्या मांडवी दरवाजाची पण उडाली असावीत. भाजीवाला उठताना हातगाडीला धडकला. कुठंतरी भांड्यांची उतरंड कोसळली, एक लहान मूल रडायला लागलं. मग त्याचं ऐकून दुसरं. शेजारची 'किर्र-कट' थांबली.

खिडकीतून एक पांढरं डोकं बाहेर आलं. जसुबेन सत्तरीच्या, वेताच्या छडीसारख्या बारीक.

"आ शुं मांड्युं छे? बपोरे तो माणसने सूवा दो!" हे काय मांडलंय, दुपारी तरी माणसाला झोपू द्या!

मी खिडकीत जाऊन वाकून म्हणालो, "माफ करा, बेन. मी सांगलीचा."

"तो सांगलीमां बूम पाडो ने!" म्हणजे, मग सांगलीत जाऊन ओरडा की. मग त्यांनी मंदारकडे पाहिलं आणि आवाज न चढवता म्हणाल्या, "काल थी बधुं बंध."

उद्यापासून सगळं बंद. खिडकीही बंद झाली. सबंध पोळात जागा झाला नाही असा एकच माणूस होता. दाजी.

मंदारनं मला शब्दानं दुखवलं नाही. त्यानं कपाटातल्या गोधड्या काढून नीट घड्या घातल्या. ते जास्त लागलं.

वाघोडिया

दुसऱ्या दिवशी आम्ही शांतता शोधायला निघालो. वाघोडियाला इम्तियाजच्या चुलतभावाची छोटी वर्कशॉप आहे. "जेवणाच्या सुट्टीत मशिनं बंद असतात, ऑफिसच्या केबिनमध्ये करा," असं तो म्हणाला होता. त्यामुळे सगळा कॉम्प्युटर घेऊन आमची वरात निघाली. शेअर रिक्षात मॉनिटर इम्तियाजच्या मांडीवर, बाकीचा डबा ताईच्या शालीत गुंडाळून माझ्या मांडीवर. समोरच्या आजीबाईंनी सारा रस्ता त्या गाठोड्याकडे पाहिलं. शेवटी राहवेना.

"टीवी बगडी गयुं?"

"नाही," मंदार म्हणाला, "मामा बिघडलेत."

हुश्श. भाचा परत बोलायला लागला होता.

वाघोडियाला मुख्य रस्ता सोडला की शेड्स सुरू होतात. एकासारखी दुसरी, दुसरीसारखी तिसरी. एका उंच फाटकाजवळ मंदारनं रिक्षातून मान बाहेर काढली. "ती आपली कंपनी, मामा." 'आपली' हा शब्द त्यानं नवीन चप्पल घालून बघावी तसा उच्चारला. आत रांगेनं ट्यूबलाइट जळत होत्या, बाहेर लख्ख ऊन असताना.

"इथं दुपार कळतच नाही," तो म्हणाला. "सकाळपासून उजेड एकसारखाच."

मी काहीतरी विनोद करणार होतो. केला नाही. माझ्यासारख्या माणसाला हे किती जड जातं ते आमच्या मंडळाला विचारा.

वर्कशॉपमध्ये सुट्टी झाली, मशिनं थांबली. केबिनचं दार लावलं. हवी तशी शांतता. मंदारनं सुरुवात केली आणि पहिल्याच ओळीला अडखळला. पुन्हा केली, पुन्हा अडखळला. शब्द पाठ, आवाज ठीक, पण ओळ ठेक्यावर बसेना. हेतलनं कॉम्प्युटरवरून ठेका मोठा केला, आणि मला तो ओळखीचा वाटला.

किर्र... कट. किर्र... कट.

"हा तर जसुबेनचा हिंचका!"

हेतलनं केसांची बट कानामागे सारली. ही मुलगी एरवी बोलत नाही, म्हणून ती बोलू लागली तेव्हा आम्ही सगळे ऐकत होतो. भिंत एकच, भारवट, म्हणजे छताची तुळई, तीही एकच. हिंचका टांगलेला त्याच भारवटाला. गोधड्यांनी गल्लीचा आवाज अडतो, पण लाकडातून आलेला हा आवाज अडत नाही. पहिल्या गाण्यात ती कुरकुर शिरली. काढता येईना. मग हेतलनं तिलाच ठेका केलं. आणि मग सगळी गाणी त्याच ठेक्यावर बांधली. दुपारी जसुबेन हिंचक्यावर पडतात, पायानं झोका देतात. झोप लागत जाते तसा झोका मंदावतो.

"म्हणून गाणं शेवटी मंद होतं?"

"हो, मामा. ते मी करत नाही. जसुबेनला झोप लागते."

"मग हा ठेका का चालत नाही?"

"हा मी जुन्यातला एक तुकडा कापून सारखा सारखा लावलाय. घड्याळासारखा चालतो. मंदारला सवय झालीय जिवंत माणसाची."

मी थक्क झालो. ह्या अल्बमच्या प्रत्येक गाण्यात एक पाहुणा. आणि सगळ्या गाण्यांत मिळून एक कायमची सहकलाकार, जिला आपण गाण्यात आहोत हेच माहीत नाही, कारण ती झोपलेली!

"अरे, मग त्यांना आधीच सांगितलं का नाही?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. इम्तियाज म्हणाला, "मामा, उनको बताते कि आवाज आता है, तो वो तेल डाल देतीं."

जसुबेनकडे

गोंधळ माझ्या पायानं झाला होता, तेव्हा माफीलाही मीच गेलो. एकटा. इम्तियाजचा गाणी ऐकायचा छोटा डबा आणि कानात घालायच्या वायरी खिशात होत्या. उत्तरायणचा आदला दिवस. रस्त्यात गुलाबी मांजा सुकत होता, पोरं पिपाण्या फुंकत होती.

जसुबेन उंधियूच्या भाजीसाठी पापडीच्या शेंगा निवडत बसल्या होत्या. लेक-जावई सणाला आले होते.

"आवो," त्या म्हणाल्या. "आजे केम चूप छो?" आज गप्प कसे? आणि पापडीची एक रास माझ्यापुढे सारली. गुजरातेत माफी मागायला गेलेल्या माणसाला आधी कामाला लावतात, मग लीलो चेवडो, म्हणजे ओला चिवडा, देतात, मग चहा, आणि मग कुठं बोलू देतात. आमच्याकडे उलटं: आधी भांडण मिटवतात, मग चहा टाकतात. त्यांची पद्धत बरी. पापडीच्या शिरा काढताना कुणाला तोरा मिरवता येत नाही.

"बेसो ने, हिंचका पर बेसो," त्या म्हणाल्या.

मी त्यांच्या शेजारी, काठावर, अर्धाच बसलो. त्यांनी पायानं हलकासा झोका दिला. हिंचका गेला, आला. गेला, आला.

आवाज नाही.

माझ्या तोंडातला चेवडा तोंडातच राहिला.

"जमाईए सवारे तेल नाख्युं," जसुबेन कौतुकानं म्हणाल्या. जावई सकाळीच आले होते, आणि येताक्षणी त्यांनी कड्यांना तेल घातलं होतं. "बहु किचूड किचूड करतो हतो."

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी वायरी त्यांच्या कानात घातल्या आणि पहिलं गाणं लावलं. त्या डोळे मिटून ऐकू लागल्या. शब्दांशी त्यांना देणं-घेणं नव्हतं. मग त्यांचा पाय आपोआप हलू लागला, गाण्याच्या ठेक्यावर, म्हणजे स्वतःच्याच. डोळे उघडले.

"आ तो मारो हिंचको!"

मी मान हलवली. त्यांनी दुसरं गाणं ऐकलं. तिसरं ऐकलं. पापडी तशीच राहिली. मग वायरी काढून त्या खिडकीत गेल्या आणि त्यांनी मंदारला हाक मारली. तिघंही आले, शाळेत उभं राहावं तशी रांगेत उभी राहिली. मी भालदार असल्यानं आपसूकच रांगेच्या टोकाला.

"मने कीधुं केम नहीं?" मला सांगितलं का नाही?

मंदारनं खरं ते सांगितलं. "मासी, तुम्ही तेल घालाल म्हणून."

मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. पंचवीस वर्षं राजांचे चेहरे बाजूनं पाहिलेत, पण निकालाची अशी वाट मी कधी पाहिली नव्हती. आधी त्यांचे ओठ थरथरले. मग खांदे. मग जसुबेन इतक्या हसल्या की त्यांना हिंचक्याची साखळी धरावी लागली.

"हुं ऊंघती हती," त्या हसता हसता म्हणत होत्या, "ने आ लोको गाता हता!" मी झोपले होते आणि हे लोक गात होते!

त्यांनी दोन अटी घातल्या. शेवटच्या गाण्यात झोका त्यांचाच, ताजा. आणि हा भालदार गाणं संपेपर्यंत तोंड उघडणार नाही.

आता प्रश्न तेलाचा. इम्तियाज स्टुलावर चढून कड्या पुसू लागला. ताईला बोलावलं, ती डाळीचं पीठ घेऊन आली आणि म्हणाली, तेल ह्यानंच निघतं. पीठ चोळलं, पुसलं, पुन्हा चोळलं. जावई दारात उभे राहून आपलं काम उलटं होताना पाहत होते. त्यांना कुणी कारणही सांगितलं नाही. जसुबेन बसल्या. झोका दिला. हिंचका मुकाच.

त्यांचं वजन ते केवढं! चिमणी बसल्यासारखं. त्यांनी खोलीत नजर फिरवली आणि ती माझ्यावर थांबली.

"भाई, तमे बेसो. तमे जाडा छो ने."

मी जाडा आहे. हे मला अनेकांनी सांगितलंय, पण इतक्या आशेनं कुणी सांगितलं नव्हतं. मी सगळाच्या सगळा बसलो. कड्या ताणल्या. भारवटानं एक मोठा श्वास घेतल्यासारखं केलं.

किर्र... कट.

ताईनं टाळ्या वाजवल्या.

पण बाहेर पिपाण्या चालूच होत्या. उत्तरायणच्या आदल्या दुपारी कोण झोपतं? जसुबेन उठल्या, ओट्यावर जाऊन उभ्या राहिल्या. ना दंड, ना ललकारी. कमरेवर हात ठेवून एकदाच म्हणाल्या, "चालो, बधा सूई जाव."

पिपाण्या थांबल्या. फळकुटं ओढली गेली. भाजीवाला हातगाडीखाली गेला. मी खिडकीतून पाहत होतो. ह्याला म्हणतात वर्दी देणं.

मुलं भिंतीपलीकडे कपाटाशी गेली, मी आणि जसुबेन हिंचक्यावर. त्या उशीला टेकून एका टोकाला, मी दुसऱ्या. सुरुवातीची ललकारी जिथं होती तिथं त्यांच्याच चार-पाच शब्दांचं काहीतरी घ्यायचं असं हेतलनं ठरवलं होतं. तिनं खिडकीच्या गजातून दुसरा एक माइक आत सोडला होता. जसुबेननं त्याकडे झुकून, नातवंडांना थोपटतात त्या आवाजात म्हटलं, "धीमे, धीमे. बधा सूता छे." हळू, सगळे झोपलेत.

आणि झोका सुरू झाला. भिंतीतून मंदारची कुजबुज येत होती, मग इम्तियाजची. शब्द कळत नव्हते, पण ओळ ठेक्यावर बसतेय हे मला बुडाखालून कळत होतं. थोड्या वेळानं जसुबेनचा पाय थांबला. त्या खरोखरच झोपल्या. झोका मरायला लागला आणि गाणं अजून बाकी होतं. मी माझा अंगठा जमिनीला टेकवला आणि हळूच रेटा दिला. किती हळू, ते मी शपथेवर सांगतो: मांजरानं दूध प्यावं त्याहून हळू. मग त्याहून कमी. मग त्याहून.

गच्चीवर

उत्तरायण म्हणजे बडोद्यात वर्षातून एकदा दुपारची झोप माफ असते. सगळं गाव गच्चीवर. आकाशात पतंग, गच्च्यांवर स्पीकर, हातात उंधियू आणि जिलबी, आणि दर मिनिटाला "लपेट! लपेट!" दाजी टोपी घालून फिरकी धरून उभे होते आणि चक्क जागे होते.

मंदारनं स्पीकरला वायर जोडली. कुजबुजून केलेली गाणी पहिल्यांदाच मोठ्यानं वाजली. शेजारच्या गच्च्यांवरचे लोक आधी हसले, मग आपापले स्पीकर त्यांनी हळू केले. शेवटचं गाणं आलं. "धीमे, धीमे. बधा सूता छे," सगळ्या पोळावर जसुबेनचा आवाज घुमला, आणि जसुबेन स्वतः गच्चीच्या कोपऱ्यात लेकीच्या मागे लपल्या. लोकांनी ते गाणं पुन्हा लावायला लावलं. मग पुन्हा. मंदार पतंग उडवायचं विसरून कठड्याला टेकून ऐकत होता. त्याचा पतंग कुणीतरी कापला, त्याला कळलंही नाही.

"झालं, मामा," तो म्हणाला. "माझ्या दुपारी ह्यात आहेत आता."

वासी उत्तरायण झाली. मी निघालो त्या दिवशी त्यानं मला स्टेशनवर सोडलं आणि तिथूनच जेवणाचा डबा घेऊन वाघोडियाच्या बसमध्ये चढला. खिडकीतून त्यानं मला भालदाराचा मुजरा केला. कडेवरच्या पोरालाही हसू यावं इतका वाईट.

सांगलीला आल्यावर मी मंडळाची सगळी माणसं गोळा केली आणि सीडी लावली. भाकरवडी वाटली, म्हणजे कुणी मध्येच उठणार नाही. शेवटचं गाणं संपलं.

"बरं आहे," कुणीतरी म्हणालं. "पण तू कुठंयस?"

"पुन्हा ऐका." मी पुन्हा लावलं. किर्र... कट. "हा मी."

"हा तू?"

"हा मी. शेवटी मंदावतो ना, तोही मी. तिथं जसुबेन झोपल्या होत्या."

आमचे दिग्दर्शक, ज्यांनी मला आजवर दोन वाक्यांच्या वर कधी काही दिलं नाही, डोळे मिटून ऐकत होते. त्यांनी गाणं तिसऱ्यांदा लावायला सांगितलं. संपल्यावर भाकरवडीचा चुरा धोतरावरून झटकत ते म्हणाले, "दत्तू, पहिल्यांदाच तू प्रवेशाच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत आहेस. आणि एकदाही कुणाच्या वाक्यावर चढला नाहीस."

मी उठून त्यांना मुजरा केला. दंड नव्हता, म्हणून पाय आपटणार होतो. पण दुपारची वेळ होती. नाही आपटला.